घरमालकाचे हप्ते थकले आणि नोटीस आमच्या दारावर लागली

वाचकाचं पत्र: आठ महिन्यांपूर्वी आम्ही या फ्लॅटमध्ये भाड्याने राहायला आलो. लिव्ह अँड लायसन्सचा करार तेहतीस महिन्यांचा आहे आणि रीतसर नोंदवलेला आहे. भाडं २२,००० रुपये, डिपॉझिट दीड लाख. गेल्या आठवड्यात घरी आलो तर दारावर बँकेची नोटीस चिकटवलेली. मालकांनी घरावर काढलेलं कर्ज थकलंय आणि बँकेने घराचा 'प्रतीकात्मक ताबा' घेतलाय, असं तीत लिहिलंय. मागणी नोटीस चार महिन्यांपूर्वीच दिली होती, असंही आहे. मालक म्हणतात, "बँकेशी बोलणं चालू आहे, तुम्ही मनावर घेऊ नका, भाडं नेहमीसारखं टाकत राहा. हवं तर पाच वर्षांचा नवा करार करून देतो, मग तुम्हाला कुणी हलवू शकणार नाही." परवा दोन माणसं येऊन 'आठ दिवसांत घर रिकामं करा' असं सांगून गेली. मुलगा दहावीला आहे. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालंय. आम्ही एकदाही भाडं चुकवलेलं नाही. आम्हाला खरंच घर सोडावं लागेल का? भाडं कुणाला द्यायचं? आणि डिपॉझिटचं काय?

ताई,

सगळ्यात आधी त्या आठ दिवसांचं ओझं उतरवा. वसुलीसाठी आलेल्या माणसांना तुम्हाला घराबाहेर काढण्याचा अधिकार नाही, आठ दिवसांनी नाही आणि आठ महिन्यांनीही नाही. ती माणसं पुन्हा आली तर दारातच थांबवून ओळखपत्र आणि बँकेचं अधिकारपत्र मागा, दोन्हींचा फोटो काढा आणि म्हणा, "जे सांगायचं ते बँकेच्या लेटरहेडवर लिहून द्या." रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार वसुली एजंटांना सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर कर्जदारालाही फोन करता येत नाही. तुम्ही तर कर्जदारही नाही. कुणी कुलूप तोडायची, सामान बाहेर काढायची किंवा वीज-पाणी तोडायची भाषा केली, तर ११२ वर फोन करा आणि स्थानिक पोलीस ठाण्यात लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्या.

आता दारावरच्या कागदाकडे वळू. अशी नोटीस पाहिली की धस्स होतं आणि माणसं ती धड वाचतही नाहीत. तुम्ही ती शांतपणे, तारखांवर बोट ठेवून वाचा. घरतारण कर्जाची वसुली बहुतेक वेळा २००२ च्या सरफेसी कायद्याने होते. हप्ते नव्वद दिवसांहून जास्त थकले की खातं बुडीत वर्गात जातं. मग बँक कलम १३(२) खाली मागणी नोटीस काढून कर्जदाराला साठ दिवस देते. ती कर्जदाराच्या नावाने जाते, त्यामुळे भाड्याने राहणाऱ्याला तिचा पत्ता लागत नाही. साठ दिवसांत पैसे आले नाहीत की बँक कलम १३(४) वापरून प्रतीकात्मक ताबा घेते. म्हणजे दारावर नोटीस लावते आणि सात दिवसांच्या आत ती दोन वर्तमानपत्रांत छापते, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. तुमच्या दारावर आहे ती ही नोटीस. हा ताबा कागदावरचा असतो. घराची किल्ली अजून तुमच्याकडेच आहे आणि त्या नोटिशीने तुम्हाला बाहेर जायला सांगितलेलं नाही. तिने जगाला एवढंच सांगितलंय की या मालमत्तेवर बँकेचा बोजा आहे, तिचा व्यवहार करू नका.

खरा ताबा घ्यायला बँकेला पुढची पायरी चढावी लागते. आत माणसं राहत असतील तर बँक सहसा कलम १४ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करते. आदेश झाला की तहसीलदार किंवा कोर्टाने नेमलेला कमिशनर पोलीस बंदोबस्तात येतो. या आदेशासाठी कायद्याने मुदत घातली आहे, तीस दिवस आणि लेखी कारण असेल तर एकूण साठ. प्रत्यक्षात याहून वेळ लागतो, पण त्या भरवशावर राहू नका. विक्रीसाठी वेगळी जाहीर नोटीस निघते आणि पहिल्या लिलावाआधी किमान तीस दिवस द्यावे लागतात.

मालक म्हणतात ते 'बोलणं चालू आहे' खरंही असू शकेल. लिलावाची नोटीस प्रसिद्ध होईपर्यंत सगळी थकबाकी खर्चासह भरून घर सोडवून घेण्याचा त्यांना हक्क आहे. तडजोड झाली असेल तर बँकेचं पत्र असतं. ते दाखवा म्हणावं. पत्र नसेल तर तुम्ही स्वतःची तयारी थांबवू नका.

घर सोडावं लागेल का, या प्रश्नाला गोड उत्तर देऊन तुम्हाला दिलासा देता आला असता, पण त्याची किंमत तुम्हीच मोजली असती. तुमचा करार लिव्ह अँड लायसन्सचा आहे. व्यवहारात आपण सगळे 'भाडं', 'भाडेकरू' म्हणतो, पण कायद्याच्या नजरेत तुम्ही परवानाधारक आहात. घरात राहण्याची परवानगी तुम्हाला मिळाली आहे, घरात हितसंबंध मिळालेला नाही. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याचं कलम ५९ स्पष्ट सांगतं की मालमत्ता दुसऱ्याकडे गेली की परवाना त्या नव्या मालकावर बंधनकारक राहत नाही. म्हणजे लिलावात कुणी घर घेतलं तर तुमचे उरलेले महिने पुरे करून देण्याचं बंधन त्याच्यावर नाही.

खऱ्या अर्थाने भाडेकरू असलेल्यांची गोष्ट वेगळी आहे. घर गहाण पडण्याआधीपासून जे कायदेशीर भाडेकरू आहेत, पागडीच्या खोल्यांतले जुने रहिवासी आहेत, त्यांना बँकेने सरफेसीच्या जोरावर सरळ बाहेर काढता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ आणि २०१६ साली हे स्पष्ट केलं आहे, आणि २०१६ च्या निकालात महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं संरक्षणही मान्य केलं आहे. हे वाचणाऱ्यांपैकी कुणी तसं असेल तर जुन्या पावत्या, वीजबिलं, रेशनकार्ड सगळं आजच एका फाइलीत लावा. २०१९ च्या निकालानंतर नुसत्या तोंडी दाव्यावर किंवा न नोंदवलेल्या कागदावर फार काळ टिकाव लागत नाही. एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदणीकृत असावाच लागतो.

तुमच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. कर्ज आधीचं, तुमचा करार नंतरचा. गहाण घर भाड्याने देण्याची थोडी मोकळीक मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ६५अ मध्ये आहे, पण ती गहाणखताच्या अटींच्या अधीन आहे आणि गृहकर्जाच्या करारात 'बँकेच्या लेखी परवानगीशिवाय घर भाड्याने देणार नाही' असं कलम बहुतेक वेळा असतं. मालकांनी ती परवानगी घेतली होती का, हे त्यांना लेखी विचारा. घेतली असेल तर तुमची बाजू बरीच सावरते.

आता त्या पाच वर्षांच्या नव्या कराराबद्दल. ताई, त्यावर सही करू नका. हे मी पुन्हा सांगते, सही करू नका. मागणी नोटीस मिळाल्यावर कर्जदाराला बँकेच्या लेखी संमतीशिवाय ती मालमत्ता विकता किंवा भाड्याने देता येत नाही, असं सरफेसी कायद्याच्या कलम १३(१३) मध्ये आहे. असा करार कर्जवसुली न्यायाधिकरणासमोर, म्हणजे बँकांच्या कर्जवसुलीचे वाद ऐकणाऱ्या खास न्यायालयासमोर, उभाच राहत नाही. कायद्यात तसं थेट लिहिलं आहे. मागची तारीख टाकून करार करू, असंही कदाचित सुचवतील. त्याने होईल काय, तर तुमचा सध्याचा, आठ महिन्यांपूर्वीचा, नोंदवलेला, स्वच्छ करारही संशयात येईल आणि बँकेला अडवण्यासाठी उभा केलेला बनावट भाडेकरू अशी तुमची गणना होईल. तुमचा करार मागणी नोटिशीच्या आधीचा आहे आणि नोंदवलेला आहे. तुमच्याकडची सगळ्यात भक्कम गोष्ट हीच आहे, ती गढूळ होऊ देऊ नका.

भाडं थांबवू नका. मालक अप्रामाणिक वागताहेत असं वाटून अनेकजण रागाने भाडं बंद करतात आणि करार मोडल्याचं कारण त्यांच्याच हातात देतात. भाडं फक्त बँक खात्यातून, 'अमुक महिन्याचं भाडं' असं लिहून पाठवा. रोख एक रुपयाही नको. बँकेकडून 'यापुढे भाडं आमच्याकडे भरा' असं लेखी पत्र आलं, तर ते आल्याचं मालकांना कळवा आणि बँकेच्या अधिकृत खात्यात भरा. कलम १३(४) मधल्या तरतुदीचा आधार घेऊन बँका असं पत्र पाठवतात. तसे भरलेले पैसे मालकांनाच दिल्यासारखे धरले जातात, असं कलम १३(५) सांगतं, त्यामुळे मालक ते पुन्हा मागू शकत नाहीत. मात्र दारात आलेल्या एजंटाच्या मोबाइल नंबरवर भाडं पाठवायचं नाही, तो कितीही अधिकाराने बोलला तरी.

डिपॉझिटची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते, कारण तिथे कायदा तुमच्यासाठी फारसा धावून येत नाही. दीड लाख रुपये तुम्ही मालकांना दिलेत, बँकेला नाही. लिलावाच्या पैशातून आधी विक्रीचा खर्च जातो, मग बँकेचं येणं, आणि उरलं तर ते मालकांना मिळतं. त्या रांगेत तुमचं नाव नाही. तुमचं येणं मालकांवर वैयक्तिक आहे, आणि ज्या माणसाला घराचे हप्ते भरता येत नाहीत त्याच्याकडून दावा लावून दीड लाख काढणं किती सोपं असेल, ते तुम्हीच ताडा.

म्हणून डिपॉझिट भाड्यात वळतं करून घेण्याचा प्रस्ताव मालकांपुढे आजच ठेवा. २२,००० प्रमाणे सहा महिन्यांत १,३२,००० रुपये वळते होतात आणि १८,००० उरतात. पण हे मनाने करायचं नाही. मालकांची सही असलेला कागद हवा, किमान ईमेलवर स्पष्ट होकार हवा, त्यात कोणत्या महिन्यांचं भाडं किती रकमेने वळतं केलं हे तारखेसह असावं. बँकेचं भाड्याबद्दलचं पत्र येण्याआधी हे झालं तर बरं, नंतर बँक त्यावर हरकत घेईल. मालकांशी बोलताना आवाज चढवू नका. ते अडचणीत आहेत, कदाचित लाजेपोटीच त्यांनी तुमच्यापासून हे लपवलं असेल, आणि अशा माणसाला महिन्याकाठी थोडं थोडं फेडणं एकरकमी दीड लाख परत करण्यापेक्षा पेलवतं. अर्थात भाड्याच्या पैशांवर त्यांचंही काही भागत असेल, त्यामुळे ते नाही म्हणण्याची शक्यता आहे. तसं झालं तर निम्मं वळतं, निम्मं रोखीऐवजी खात्यात, अशा मधल्या वाटेवर या. काहीच मान्य नसेल तर वकिलामार्फत नोटीस पाठवा. घर सोडावं लागल्यानंतर डिपॉझिट परत मिळवण्यासाठी दिवाणी दावा तीन वर्षांच्या आत लावता येतो, आणि रक्कम लेखी करारात असल्याने तो संक्षिप्त (लवकर निकाली निघणारा) दावा म्हणूनही लावता येऊ शकतो. याशिवाय सुविधाधिकार कायद्याच्या कलम ६४ खाली, मोबदला देऊन घेतलेला परवाना मालकाने तुमची काही चूक नसताना मुदतीआधी संपवून तुम्हाला काढलं तर भरपाई मागता येते. सामान हलवण्याचा खर्च, दलाली, सगळ्याच्या पावत्या ठेवा.

करार करतानाच हप्ते थकलेले होते आणि ते दडवून तुमच्याकडून डिपॉझिट घेतलं, असं पुढे पुराव्यासह दिसलं, तर फसवणुकीची पोलीस तक्रारही होऊ शकते. आत्ता मात्र त्या वाटेने जाऊ नका. मालकांची सही तुम्हाला हवी आहे.

आता तुम्हाला स्वतःहून करायचं आहे ते एक काम, आणि भीतीपोटी बहुतेकजण नेमकं हेच टाळतात. बँकेच्या नजरेआड राहिलं की आपल्याला विसरतील असं वाटतं. उलट होतं. बँकेच्या कागदोपत्री घरात फक्त कर्जदार असतो आणि ताब्याच्या दिवशी पोलिसांसमोर तुम्ही अनोळखी ठरता. म्हणून नोटिशीखाली ज्यांची सही आहे त्या प्राधिकृत अधिकाऱ्यांना पत्र लिहा, रजिस्टर्ड पोस्टाने आणि ईमेलनेही. मजकूर साधारण असा:

"आपण दिनांक अमुक रोजी ताबा नोटीस लावलेल्या सदनिकेत मी व माझे कुटुंब दिनांक अमुकच्या नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करारान्वये राहत आहोत. कराराची प्रत, नोंदणीचा दस्त क्रमांक व भाडे भरल्याचे बँक उतारे सोबत जोडले आहेत. आम्ही कर्जदार अथवा जामीनदार नाही. माझा मुलगा दहावीची परीक्षा देत आहे व सासूबाई शस्त्रक्रियेनंतर घरीच उपचार घेत आहेत. कलम १४ खालील कोणत्याही अर्जात आमच्या वास्तव्याची माहिती द्यावी, प्रत्यक्ष ताब्याची तारीख आम्हाला आगाऊ लेखी कळवावी आणि परीक्षा संपेपर्यंत मुदत द्यावी, ही विनंती. भाडे आपणाकडे जमा करण्याबाबत लेखी सूचना असल्यास कळवावे. हे पत्र आमच्या कायदेशीर हक्कांना बाध न आणता देत आहोत."

शेवटचं वाक्य गाळू नका. सोबत दहावीच्या फॉर्मची किंवा शाळेच्या पत्राची प्रत आणि डॉक्टरांचं पत्र जोडा. बँकेला रिकामं घर हवं असतं, भांडण नको असतं, आणि ठरलेल्या तारखेला शांतपणे घर देणारं कुटुंब तिलाही परवडतं. अधिकारी मुदतीच्या बदल्यात हमीपत्र मागतील. द्यायला हरकत नाही, पण त्यात तुम्हाला नक्की पाळता येईल अशीच तारीख लिहा, आणि कोऱ्या कागदावर सही नको. परवाना संपल्यावरही घर सोडून सामान न्यायला वाजवी वेळ मिळण्याचा हक्क सुविधाधिकार कायद्याच्या कलम ६३ मध्ये आहे. बोलताना त्याचा उल्लेख जरूर करा.

बँक ऐकलीच नाही तर कर्जवसुली न्यायाधिकरण आहे. मुंबई, पुणे, नागपूर इथे ती आहेत. साधं दिवाणी न्यायालय या बाबतीत मनाई देऊ शकत नाही, त्यामुळे तिकडे पैसे आणि दिवस घालवू नका. २०१६ च्या दुरुस्तीने सरफेसी कायद्यात कलम १७(४अ) आलं आणि भाडेकरूला न्यायाधिकरणाकडे जाण्याचा मार्ग स्पष्टपणे मिळाला. करार संपलाय का, कलम ६५अ च्या किंवा गहाणखताच्या विरुद्ध आहे का, मागणी नोटिशीनंतरचा आहे का, हे ते तपासतं. बँकेच्या कारवाईपासून ४५ दिवसांच्या आत अर्ज करायचा असतो, म्हणून नोटीस लागल्याची तारीख आताच कॅलेंडरवर लिहून ठेवा. तुमच्या परवान्यावर न्यायाधिकरण घर राखून देईल अशी अपेक्षा मी तुम्हाला लावणार नाही. पण घाईने, पूर्वसूचना न देता काढणं चाललं असेल, तर काही आठवड्यांची मुदत मागण्यासाठी ती योग्य जागा आहे.

वकिलाच्या फीची चिंता करून थांबू नका. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ खाली स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते. म्हणून अर्ज तुमच्या नावाने करा, यजमानांच्या नाही. करारावर तुमचंही नाव असेल तर उत्तमच. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, आणि १५१०० या क्रमांकावरही विचारता येतं.

सोसायटीला लपवू नका. नोटीस सगळ्यांनी वाचलेलीच असणार. सचिवांना कराराची प्रत देऊन ठेवा आणि बँकेचं कुणी आलं तर कळवायला सांगा. ताब्याचा दिवस आलाच तर पंचनाम्यात तुमच्या सामानाची यादी व्हायला हवी. फ्रिज, कपाटं, मुलाची पुस्तकं, सगळं मालकांच्या फर्निचरपासून वेगळं दाखवणारे फोटो आधीच काढून ठेवा. दागिने, शैक्षणिक कागदपत्रं आणि सासूबाईंची औषधं त्या घरात ठेवू नका, नातेवाइकांकडे हलवा.

आणि दुसरं घर बघायला लागा, याच आठवड्यापासून, मुलाच्या शाळेच्या अंतरात. मुदत मिळाली तर परीक्षेनंतर जाल, नाही मिळाली तर निदान जागा ठरलेली असेल. या वेळी टोकन देण्याआधी मालकांकडे इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा सरकारी उतारा) मागा, आणि नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर त्या फ्लॅटवर गहाणाची नोंद आहे का ते पाहा. सोसायटीकडेही बँकेचा बोजा नोंदवलेला असतो, तिथे विचारा. कर्ज असणं वाईट नाही, कित्येक चांगल्या मालकांचं असतं. कर्ज असेल तर बँकेची भाड्याने देण्याची परवानगी आणि गेल्या काही महिन्यांचे हप्ते भरल्याचा कर्जखात्याचा उतारा दाखवायला सांगा. डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त देऊ नका. 'बँकेची कारवाई सुरू झाल्यास डिपॉझिट भाड्यात वळतं करण्याचा हक्क राहील' असं एक कलम करारातच लिहून घ्या. मालक कां-कूं करतील, पण नोंदणीच्या आधी हे मागण्याची ताकद तुमच्याकडे असते, नंतर नसते.